जांभळ्या खड्याची खरी-खोटी कुळकथा

मनामाच्या सोन्याच्या बाजारात जांभळा खडा मागायला गेलात, तर जितकी दुकाने तितकी नावे ऐकायला मिळतात. राजस्थानकडचा जवाहिऱ्या त्याला 'कटेला' म्हणतो, उत्तरेकडचा दुसरा कुणी 'जमुनिया' म्हणतो, अरब दुकानदार 'जमश्त' म्हणतो आणि काचेवरच्या पाटीवर 'अमेथिस्ट' असे लिहिलेले असते. मराठीत त्याला जंबुमणी असे छान नाव आहे, पण ते कोशातच राहिले. कुणाच्या तोंडी फारसे आले नाही. आपण आपला 'जांभळा खडा' म्हणतो आणि भाव विचारतो.

खड्याबरोबर गोष्ट मात्र फुकट मिळते. एक जण सांगतो, साडेसातीला हा उत्तम, नीलमसारखा उलटत नाही. दुसरा सांगतो, हा बोटात असला की मद्य चढत नाही, अशी ग्रीकांची हजारो वर्षांची श्रद्धा आहे. तिसऱ्याने कुठेतरी वाचलेले असते, की कानपूरच्या देवळातून लुटून नेलेला असा एक शापित खडा लंडनच्या संग्रहालयात आहे. वाचकहो, मला या गोष्टींच्या जन्मतारखा शोधण्याची खोड लागली, आणि शोधता शोधता जे हाती आले ते पुढे मांडतो आहे. थोडक्यात सांगायचे तर, ज्या गोष्टी 'पुरातन' म्हणून सांगितल्या जातात त्यांतल्या काही चांगल्याच अलीकडच्या निघाल्या; त्यांचे कर्ते नावगावासकट माहीत आहेत. आणि या खड्याचा जो इतिहास खरोखर जुना आहे, तो आपल्या बहरीनच्या आणि आपल्या दख्खनच्या इतका जवळचा असूनही दुकानात कुणी सांगत नाही.

सुरुवात बहरीनपासूनच करू. इसवी सन ७७ च्या सुमारास रोममध्ये थोरल्या प्लिनीने सृष्टीतल्या एकूण एक वस्तूंची माहिती देणारा 'नॅचरल हिस्टरी' हा ग्रंथ पुरा केला. त्याचे ३७ भाग आहेत. दोनच वर्षांनी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात प्लिनी गेला, पण ग्रंथ राहिला. त्याच्या सहाव्या भागात अरबस्तानच्या या किनाऱ्याचे वर्णन आहे आणि त्यात 'तायलोस' या बेटाचे नाव येते, ते तिथल्या विपुल मोत्यांसाठी. तायलोस म्हणजेच आपले बहरीन. आमच्या झल्लाकच्या वाळूवर उभे राहून पश्चिमेला पाहिले, की जो किनारा पलीकडे आहे असे आपण मानतो, त्याच प्रदेशात कुठेतरी गेऱ्हा नावाचे श्रीमंत व्यापारी शहर होते. ते नेमके कुठे, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात प्लिनी रत्नांकडे वळतो. जांभळ्या खड्यांची प्रतवारी लावताना तो पहिला मान देतो हिंदुस्थानच्या खड्यांना. त्यानंतर अरबस्तान, आर्मेनिया, इजिप्त वगैरे देश येतात, आणि थासोस व सायप्रस बेटांवरचे खडे त्याच्या मते सर्वांत हलके. म्हणजे एकाच पुस्तकात आपली कर्मभूमी मोत्यांसाठी आणि आपली मायभूमी जांभळ्या खड्यांसाठी नावाजलेली आहे. हे वाचल्यावर मला झालेला आनंद लपवत नाही.

रोमनांना या रंगाचे एवढे अप्रूप का, याचे उत्तर समुद्रात आहे. त्या काळी कापडाला खरा पक्का जांभळा रंग मिळे तो एका प्रकारच्या शंखातल्या गोगलगायीपासून. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा रंग वेगळा काढून पाहिला, तेव्हा १२,००० गोगलगायींमधून त्याला जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला. असला रंग अंगावर घेणे राजेरजवाड्यांनाच परवडायचे, आणि रोममध्ये तर त्यावर कायद्याची बंधनेही होती. फिनिशियातले टायर हे शहर या धंद्यासाठी प्रसिद्ध होते, हे आपण शाळेत शिकलो. पण शेजारच्या कतारमध्ये अल खोरजवळच्या एका छोट्या बेटावर इसवी सनापूर्वी १४व्या-१३व्या शतकांच्या सुमारास हाच उद्योग चालत होता, हे कमी जणांना माहीत असते. ठेचलेल्या शंखांचे ढीगच्या ढीग तिथे सापडले. त्या काळात बाबिलोनवर कॅसाइट राजांचे राज्य होते आणि बहरीनही त्यांच्याच सत्तेखाली होते. तेव्हा जांभळे कापड ही केवळ भूमध्य समुद्राची मिरास नव्हे. आपल्या आखातानेही ती रंगवली आहे.

तर गोगलगायी न मारता, समुद्रात न उतरता, जो दगड नुसता उचलला तरी बादशाही रंगाचा निघतो, त्याला रोमन माणसाने डोक्यावर घेतले यात नवल नाही. प्लिनी म्हणतो त्याचा आशय असा, की हिंदुस्थानी खड्याचा रंग हाच रंगाऱ्यांच्या कारखान्यांचा आदर्श होता.

आता ती मद्याची गोष्ट. 'अमेथिस्ट' हा शब्द ग्रीक 'अमेथुस्तोस' वरून आला. अर्थ 'न झिंगलेला'. त्यातला 'अ' म्हणजे आपला 'अजाण', 'अबोल' मधला नकाराचा 'अ'. आणि पुढचा 'मेथु', म्हणजे ग्रीकांची दारू, हा आपल्या 'मधु' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. भाषाशास्त्रात हे नाते पक्के मानलेले आहे. म्हणजे मनामाच्या दुकानातली ती इंग्रजी पाटी आपण वाचतो तेव्हा त्यात अर्धा शब्द संस्कृतच्या माहेरचा असतो.

पण हा खडा मद्य चढू देत नाही, हे तरी ग्रीक-रोमन मानत होते का? काही जण मानत असावेत. प्लिनी मात्र चक्क टर उडवतो. त्याच्या मते नावाचे कारण साधे आहे: खड्याचा रंग मद्याच्या रंगाजवळ जाता जाता अलीकडेच थांबतो आणि जांभळ्याकडे वळतो. बाकी सगळ्या गुणांची यादी त्याने 'मागी' म्हणजे इराणी मांत्रिकांच्या माथी मारली आहे. त्यात मद्य आहे, टोळधाड परतवणे आहे, आणि गारपीट थांबवणेही आहे. असल्या गोष्टी लिहिताना या मांत्रिकांना माणसांची थट्टाच करायची असावी, असे त्याचे मत. गारपिटीची मौज अशी, की मराठीत आकाशातून पडते तीही गार आणि जमिनीत सापडते तीही गार, गारगोटी. आणि जांभळा खडा, पुढे येईलच, ही जातीने गारगोटीच.

मग ती सुंदर कथा? मद्यदेव डायोनायसस रागावतो, आपले वाघ अमेथिस्ट नावाच्या कुमारिकेवर सोडतो, देवी तिला वाचवण्यासाठी पांढऱ्याशुभ्र स्फटिकाची मूर्ती करते, पस्तावलेला देव तिच्यावर मद्य ओततो आणि दगड जांभळा होतो. ही कथा कित्येक रत्नपुस्तकांत 'प्राचीन ग्रीक पुराणकथा' म्हणून छापलेली आढळते. प्राचीन ग्रीक वाङ्मयात ती नाही. ती आहे रेमी बेलो या फ्रेंच कवीच्या, रत्नांवर रचलेल्या आणि १५७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यात. बेलोने मद्यदेवाला 'बाखुस' म्हटले आहे. पुढे सांगणाऱ्यांनी त्याचा डायोनायसस केला, म्हणजे कथा आणखी जुनी वाटावी. आपल्याकडे अकबराचे राज्य चालू असताना लिहिलेली गोष्ट, आणि आपण तिला होमरच्या पंगतीला बसवले.

मद्याची समजूत मात्र या कथेच्या आधीच अरबांपर्यंत पोहोचली होती. १३व्या शतकात कैरोत राहिलेल्या अल-तिफाशीने रत्नांवर लिहिलेल्या प्रसिद्ध अरबी ग्रंथात 'जमश्त'ला स्वतंत्र स्थान आहे. हिजाझमधल्या अस्-सफ्रा या गावाजवळ, मदिनेपासून तीन दिवसांच्या वाटेवर, तो मिळतो असे सांगून त्याच्या पेल्यात मद्य घेतले तर नशा चढत नाही, हेही तो नोंदवतो. इस्लामी प्रदेशात बसून हे नोंदवताना त्याच्या चेहऱ्यावर काय भाव असतील, हे पाहायला आवडले असते. असो.

प्लिनीने मान दिलेले हिंदुस्थानी खडे आले कुठून? तमिळनाडूत कोडुमणल इथे उत्खननात जांभळ्या स्फटिकासह अनेक खड्यांचे कारखाने सापडले आहेत, तेव्हा दक्षिणेचा वाटा नक्कीच होता. पण आपल्या दख्खनलाही विसरता येत नाही, आणि त्याचे कारण आपल्या पायाखालच्या काळ्या दगडात आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आज जिथे महाराष्ट्र आहे तिथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेला. सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्यांच्या कड्यांत ते थर आजही मोजता येतात. लाव्हा निवताना त्यातली वाफ आणि वायू यांचे बुडबुडे आत अडकले, आणि पोकळ्या राहिल्या. काही वाटाण्याएवढ्या, काही माणूस बसेल एवढ्या. पुढे लाखो वर्षे त्यांतून सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि पोकळीच्या भिंतीवर आधी अकीकाचे पट्टे, मग आत टोके करून बसलेले स्फटिक असे अस्तर धरले. हे स्फटिक म्हणजे गारगोटीचाच शुद्ध अवतार. त्यात लोहाचा किंचित अंश असला आणि आजूबाजूच्या खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराचा त्याला दीर्घकाळ मारा बसला, की रंग जांभळा. मराठवाडा-खानदेशात विहीर खणताना किंवा दगडाच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर असा एखादा गोळा फुटतो आणि आत जांभळाच्या झाडाखाली सडा पडावा तसा रंग दिसतो. भोर घाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली, त्या कामात डोंगर फोडताना असल्या पोकळ्यांतले कितीतरी स्फटिक बाहेर पडले. आज जगभरच्या संग्रहालयांत 'पूना' अशी पाटी लावलेले झिओलाइटचे नमुने दिसतात, त्यांचा मूळ पत्ता हाच काळा दगड.

सातवाहनांच्या काळात या दगडावर मोठी कारागिरी चालत असे. पैठण, तेर, भोकरदन, नेवासे इथल्या उत्खननांत अकीक, तांबडा कार्नेलियन, स्फटिक अशा दगडांचे मणी भरपूर मिळाले आणि त्यांच्या सोबतीला जांभळे मणीही. नेवाशाचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९५४ ते १९५६ या काळात केले. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकाच्या टिपणात लिहिले आहे, की पैठणहून पट्टेदार ओनिक्स दगड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला येतो; पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर आहे. तिथून जहाजे तांबड्या समुद्राकडे जात आणि आपल्या या आखाताकडेही. हा व्यापार काही तेव्हाच सुरू झाला असे नाही. त्याआधी दोन हजार वर्षे, दिल्मुनच्या काळात, गुजरातेतल्या कारागिरांनी भोक पाडलेले तांबडे मणी बहरीनच्या थडग्यांत पोहोचले होते. सार, आली या गावांतून जाताना रस्त्याच्या दुतर्फा जे मातीचे उंचवटे दिसतात त्यांना २०१९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्या उंचवट्यांखाली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे दागिने निघाले आहेत.

एवढे असून आपल्या रत्नशास्त्राने जांभळ्या खड्याला मोठे आसन दिले नाही. माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या ही नवरत्ने. यांत तो नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वीसएक रत्नांची नावे येतात, त्यांतही हाच म्हणून बोट ठेवावे असे नाव मला दिसत नाही. रंग नसलेला स्फटिक मात्र आपण देवघरात नेला. त्याची जपमाळ केली, त्याचे शिवलिंग केले. रंगीत भाऊ बाहेरच राहिला. पुढे ज्योतिषात त्याला जागा मिळाली तीही 'उपरत्न' म्हणून, नीलमचा बदली कामगार. नीलम महाग, शिवाय 'लाभला नाही तर' ही भीती. मग शनीसाठी कटेला घाला, असे सांगितले जाते. योगायोग असा, की ज्या नेवासे गावात सांकलियांनी उत्खनन केले, त्याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांची थट्टा करण्याचा हेतू नाही, पण जवाहिऱ्याच्या भट्टीला श्रद्धा नसते. जांभळा खडा साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवला, की त्याचा जांभळा रंग जातो आणि तो पिवळा-नारिंगी होतो. त्या पिवळ्या खड्याला इंग्रजीत सिट्रिन आणि आपल्या बाजारात 'सुनेला' म्हणतात. बाजारातला बहुतेक सिट्रिन असाच तयार झालेला असतो. आणि सुनेला कशाचे उपरत्न? पुष्कराजाचे, म्हणजे गुरूचे! शनीचा खडा तासाभराच्या आचेत गुरूकडे बदली होऊन जातो. ऊन हे त्याचे दुसरे दुखणे. काही खडे दीर्घकाळ कडक उन्हात राहिले की फिके पडतात. बहरीनचा उन्हाळा लक्षात घेता गाडीच्या काचेमागे अंगठी विसरू नये, एवढे सांगतो. प्रयोगशाळेत वाढवलेला जांभळा स्फटिकही कित्येक वर्षे बाजारात आहे आणि नुसत्या डोळ्यांनी तो ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही.

युरोपात मात्र या खड्याची इभ्रत फार काळ टिकली. बायबलात महायाजकाच्या उरपट्टीवरच्या १२ रत्नांत त्याचे नाव येते; त्याही आधी, इसवी सनापूर्वी २००० च्या सुमारास, इजिप्तचे राजे अस्वानजवळच्या वादी अल-हुदीच्या वाळवंटात त्याच्यासाठी खाणकामाच्या मोहिमा पाठवत होते. ख्रिस्ती चर्चमध्ये बिशपच्या अंगठीत जांभळा खडा बसवण्याची रीत पडली. संयमाचा, धुंदीत न जाण्याचा तो खडा. ग्रीक नावाचा अर्थ असा धर्माच्या कामी आला.

हे सारे १९व्या शतकात कोसळले, आणि तेही एका दगडामुळेच. दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेमध्ये आपल्या दख्खनसारखाच लाव्ह्याचा पठारी मुलूख आहे, वयाने आपल्या दुप्पट जुना. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावचे अकीक कापणारे कारागीर तिकडे स्थायिक झाले होते; त्यांनी तिथले अकीक आणि जांभळ्या स्फटिकांचे प्रचंड साठे ओळखून जहाजे भरून दगड युरोपला पाठवले. जो खडा नीलम-माणकांच्या पंगतीत बसत असे तो हातोहात विकत मिळू लागला. त्याच शतकात, १८५६ मध्ये, लंडनला विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा पोरगा हिवतापावरचे क्विनाइन कृत्रिमरीत्या करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग आला. गोगलगायींची सुटका झाली. जांभळे कापड आणि जांभळा खडा, दोन्हींवरची राजघराण्यांची मिरास अशी मागेपुढे संपली.

आणि खडा स्वस्त झाल्यावरच त्याची सर्वांत भयानक गोष्ट जन्माला आली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 'दिल्ली पर्पल सफायर' या नावाने ओळखला जाणारा खडा आहे. नावातले दोन शब्द चुकीचे आहेत. तो दिल्लीचा म्हणून कुणी सांगत नाही, आणि सफायर म्हणजे नीलम तर तो नाहीच. तो जांभळा स्फटिक आहे. चांदीच्या कोंदणात, राशिचिन्हांच्या नक्षीसह बसवलेला. त्याच्यासोबत एक पत्र आहे, १९०४ सालचे, एडवर्ड हेरॉन-ॲलन यांचे.

पत्रातली हकीकत अशी. १८५७ च्या बंडात कानपूरच्या इंद्रमंदिरातून हा खडा लुटला गेला. बंगाल घोडदळातल्या फेरिस नावाच्या कर्नलने तो इंग्लंडला आणला आणि त्याची प्रकृती व पैसा दोन्ही गेले. मुलाचेही तेच झाले. १८९० मध्ये खडा हेरॉन-ॲलनकडे आला आणि संकटे सुरू झाली. त्यांनी तो मित्राला दिला, त्याच्यावर आपत्ती कोसळल्या. एका गायिकेला दिला, तिचा आवाज गेला. शेवटी लंडनच्या रीजंट्स कालव्यात फेकला, तर तीन महिन्यांनी गाळ काढणाऱ्यांकडून विकत घेऊन एका व्यापाऱ्याने तो परत आणून दिला! तेव्हा त्यांनी तो सात पेट्यांत, एकात एक, बंद करून बँकेत ठेवला, आणि आपल्या मृत्यूनंतर ३३ वर्षे उघडू नये असे लिहून ठेवले. जो कोणी उघडेल त्याला सल्ला असा, की समुद्रात टाकून द्या. हेरॉन-ॲलन १९४३ मध्ये वारले. मुलीने ३३ वर्षे काही थांबली नाही, १९४४ च्या जानेवारीतच खडा म्युझियमला देऊन टाकला. २००७ मध्ये तो तिथल्या 'द व्हॉल्ट' या नव्या दालनात मांडला गेला आणि वर्तमानपत्रांनी ती गोष्ट पुन्हा जगभर पोहोचवली.

आता हे हेरॉन-ॲलन कोण? मोठा अवलिया माणूस. पेशाने वकील, व्हायोलिन बनवण्यावर त्यांचे पुस्तक आहे, हस्तसामुद्रिकावर आहे, फारसी शिकून त्यांनी उमर खय्यामचे भाषांतर केले, आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या अभ्यासासाठी १९१९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवले. यांखेरीज ते टोपणनावाने चमत्कारिक कथा लिहीत. १९२१ मध्ये 'ख्रिस्टोफर ब्लेअर' या नावाने त्यांचा कथासंग्रह आला. त्याचे नाव, 'द पर्पल सफायर'. आपल्या कथेला वजन यावे म्हणून त्यांनीच ही सारी दंतकथा रचली असावी, असा म्युझियमकडील जाणकारांचाही कयास आहे. मला त्यात शंका वाटत नाही. कानपुरात इंद्राचे देऊळ ही कल्पनाच पाहा. आपल्याकडे इंद्राची देवळे शोधून सापडत नाहीत. पण ज्या इंग्रज वाचकाला हिंदू देवांची चारच नावे ठाऊक, त्याला इंद्र पुरतो. आणि हा साहित्यप्रकार तेव्हा जोरात होता. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' १८६८ ची. तिच्यात श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा आहे. कॉनन डॉयलची 'द साइन ऑफ फोर' १८९० ची; तिच्यात बंडाच्या धामधुमीत आग्ऱ्याला हाती लागलेला खजिना आहे. १८९० म्हणजे खडा हाती आल्याचे जे साल हेरॉन-ॲलन देतात, तेच.

शापाच्या या गोष्टी मला नुसत्या करमणुकीच्या वाटत नाहीत, त्या याच ठिकाणी. त्यांत लूट हा फक्त पहिला परिच्छेद असतो. त्यानंतर दुःख भोगतो तो लुटणारा, किंवा त्याच्याकडून विकत घेणारा; वाचकाची कणव त्याच्याकडे जाते आणि दुष्ट ठरतो दगड. ज्यांचे देऊळ फुटले ते गोष्टीत परत येतच नाहीत.

कानपूर हे नाव तर मराठी माणसाला परके नाही. तिथून काही कोसांवर गंगाकाठी ब्रह्मावर्त, म्हणजे विठूर. दुसरा बाजीराव तिथे राहिला, नानासाहेब तिथून उठले. जुलै १८५७ मध्ये हॅवलॉकने कानपूर परत घेतल्यावर विठूरचा वाडा उद्ध्वस्त करण्यात आला. त्या डिसेंबरात होप ग्रँटच्या फौजेने विठूरच्या विहिरीचे पाणी दिवसचे दिवस उपसून तिच्या तळातून सोन्याचांदीची भांडी काढली. हे त्यांच्याच अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. पुढल्या वर्षी झाशी पडली, तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात होते. त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेला आणि १९०७ मध्ये छापून आलेला 'माझा प्रवास' ज्यांनी वाचला त्यांना झाशीची लूट ठाऊक आहे. सोन्यानाण्यापासून तांब्यापितळेपर्यंत आणि धान्यापर्यंत काय काय गेले, हे त्या भिक्षुकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिले. त्यात शाप कुठेच नाही. भूक, तहान, जळणारी घरे आणि प्रेते आहेत.

देवळातल्या रत्नाचेच उदाहरण हवे तर तेही आपल्याकडे आहे. 'नासाक डायमंड' म्हणून जगात प्रसिद्ध असलेला हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जातो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरासोबत तो कंपनीच्या हाती पडला. मूळ वजन ९० कॅरटच्या आसपास. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो कापून साधारण ७८ कॅरटचा केला. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा कापून ४३.३८ कॅरटवर आणला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो ५ लाख डॉलरना गेला. या हिऱ्यामुळे कुणाचा आवाज गेल्याचे, कुणी तो कालव्यात फेकल्याचे ऐकिवात नाही. त्याच्या प्रत्येक हस्तांतराचे कागद आहेत, वजने आहेत, किमती आहेत. त्याची गोष्ट करायची म्हटली तर ती फक्त हिशेबाच्या वहीसारखी लिहावी लागेल, म्हणून बहुधा कुणी लिहिली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनला जाणारी बरीच मंडळी आपल्यात आहेत. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मुलांना डायनोसोर दाखवून झाले, की खनिजांच्या दालनात जरूर जा आणि हेरॉन-ॲलन यांची कथाही मुलांना रंगवून सांगा. ती सांगण्यासारखी आहेच. फक्त सांगताना १९२१ सालचे ते पुस्तक विसरू नका. आणि जे नाशिककडे जाणार असतील त्यांच्यासाठी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत खनिजांचे एक संग्रहालय आहे. नौदलातून निवृत्त झालेल्या कृ. चं. पांडे यांनी वर्षानुवर्षे जमवलेले दख्खनचे स्फटिक तिथे पाहायला मिळतात: हिरवे, गुलाबी, दुधी आणि जांभळे. संग्रहालयाचे नाव त्यांनी ठेवले आहे 'गारगोटी'.